मोठा, चकचकीत कांदा म्हणजे चांगला कांदा? यवतमाळच्या काळ्या मातीत कांद्याची ताकद कशी ठरते

उन्हाळ्यात यवतमाळ जिल्ह्यातल्या कुठल्याही आठवडी बाजारात जा, कांद्याचे दोन प्रकारचे ढीग हमखास दिसतात. एका ढिगातला कांदा मोठा, गोल, एकसारखा आणि चकचकीत. दुसऱ्यातला मध्यम, गडद रंगाचा, त्यात एखादा चपटा तर एखादा वाकडा. पहिल्या ढिगाचा भाव जास्त असतो आणि गर्दीही तिथेच असते.

जुनी माणसं मात्र दुसऱ्या ढिगाकडे वळतात. त्यांचं म्हणणं असतं की या कांद्यात ताकद आहे, बुक्की मारून फोडला की डोळ्यांतून पाणी काढतो. पहिला कांदा नुसता पाण्याचा, त्याला चव नाही.

आता ही जुन्या लोकांची आठवण आहे की यात खरंच काही तथ्य आहे? एकाच जातीचा कांदा दोन वेगळ्या वावरांत लावला तर त्यातले पोषक घटक बदलतात का?

थोडक्यात उत्तर द्यायचं तर, हो, बदलतात. पण सगळे घटक सारखे बदलत नाहीत. कोणते बदलतात, का बदलतात आणि यवतमाळसारख्या जिल्ह्यात त्याचा काय अर्थ होतो, ते समजून घेऊ.

आधी कांद्यात असतं काय, ते बघू

१०० ग्रॅम कांदा घेतला तर त्यात ८५ ते ९० ग्रॅम नुसतं पाणी असतं. ऊर्जा साधारण ४० ते ५० कॅलरी. क जीवनसत्त्व ७ मिलिग्रॅमच्या आसपास. मोठ्या माणसाला दिवसाला ६५ ते ८० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागतं. म्हणजे त्यासाठी कांद्यावर विसंबायचं तर दिवसाला जवळपास किलोभर कांदा खावा लागेल. त्यापेक्षा एक पेरू खाल्लेला बरा.

मग कांद्याचं एवढं कौतुक कशासाठी?

तीन गोष्टींसाठी. पहिली गोष्ट म्हणजे गंधकाचे घटक. तिखटपणा, वास आणि डोळ्यातलं पाणी हे सगळं त्यांच्यामुळे. दुसरी गोष्ट क्वेर्सेटिन नावाचा अँटिऑक्सिडंट. रोजच्या जेवणातून क्वेर्सेटिन मिळण्याचा एक मोठा मार्ग म्हणजे कांदा. लाल कांद्यात त्याच्या जोडीला अँथोसायनिन ही जांभळट रंगद्रव्यंही असतात. तिसरी गोष्ट फ्रुक्टन, म्हणजे आपल्या आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंचं खाद्य.

गंमत अशी की कॅलरीच्या आकड्यात वावरागणिक फार फरक पडत नाही. पण या तीन गोष्टी जमीन, पाणी, ऊन आणि बियाणं यांच्याप्रमाणे कमीजास्त होतात.

मग तक्त्यातला आकडा खोटा का?

खोटा नाही, पण तो सरासरी आहे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांचे नवे पोषण तक्ते प्रसिद्ध केले. त्यासाठी देशाचे सहा विभाग पाडून ५२८ अन्नपदार्थांचे नमुने तपासले. या तक्त्यात आकड्यापुढे 'अधिक-उणे' असा दुसरा आकडाही छापलेला असतो. नमुन्यागणिक किती फरक पडला, ते त्यातून कळतं.

मोबाईलवर फिरणाऱ्या 'कांद्याचे १० फायदे' छाप पोस्टमध्ये हा दुसरा आकडा गायब असतो. त्यामुळे कांदा कुठूनही आणा, त्यात तेवढंच पोषण असणार, असा आपला समज होतो.

सगळा खेळ गंधकाचा

कांदा चिरल्यावर डोळ्यात पाणी का येतं? अख्ख्या कांद्यात ते तिखट रसायन तयार नसतं. कांद्याच्या पेशींत एका बाजूला गंधकाचा बिनवासाचा साठा असतो आणि दुसऱ्या बाजूला ॲलिनेज नावाचं विकर. सुरी चालली किंवा बुक्की बसली की पेशी फुटतात, दोघं एकत्र येतात आणि काही सेकंदांत तिखट वायू तयार होतो.

डोळ्यात पाणी आणणारा नेमका वायू तयार करायला आणखी एक वेगळं विकर लागतं, हे जपानी शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये दाखवून दिलं. या कामासाठी २०१३ मध्ये त्यांना गमतीदार संशोधनाला मिळणारं इग नोबेल पारितोषिकही मिळालं.

आता मुद्द्याची गोष्ट. गंधकाचा हा साठा कांदा करतो कशातून? मातीतून. मुळं जमिनीतलं गंधक सल्फेटच्या रूपात शोषून घेतात. जमिनीत गंधक जास्त असेल तर साठा जास्त, कमी असेल तर कमी.

अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठात विल्यम रँडल यांनी १९९० च्या दशकात यावर बरेच प्रयोग केले. गंधकाची मात्रा वाढवत नेली की कांद्याचा तिखटपणा वाढतो, हे त्यातून पुढे आलं. सोबत हेही दिसलं की प्रत्येक जात सारखा प्रतिसाद देत नाही. काही जाती गंधक मिळालं की लगेच तिखट होतात, काही तेवढ्या होत नाहीत.

जॉर्जियाचा 'गोड' कांदा

हे प्रयोग जॉर्जियातच व्हायला एक कारण होतं. १९३१ मध्ये तिथल्या टूम्ब्स काउंटीत मोझेस कोलमन नावाच्या शेतकऱ्यानं कांदा लावला. काढल्यावर बघतो तर कांदा तिखटच नाही. पुढे हाच कांदा 'विडालिया' नावानं प्रसिद्ध झाला. १९८६ मध्ये जॉर्जिया राज्यानं कायदा करून कोणत्या भागातल्या कांद्याला हे नाव लावता येईल, ते ठरवून टाकलं.

तिथली माती रेताड आणि गंधक अगदी कमी. बाकी जादू काही नाही.

इथे एक गैरसमज दूर होतो. कांदा गोड लागला म्हणजे त्यात साखर जास्त असते असं नाही. बऱ्याचदा तिखट कांद्यातही तेवढीच किंवा जास्त साखर असते, फक्त तिखटपणामुळे ती जिभेला कळत नाही. गोड कांद्यात गंधक कमी आणि पाणी जास्त, एवढंच.

म्हणून सॅलडसाठी विडालिया चांगला. पण गंधकाच्या घटकांसाठी कांदा खायचा असेल, तर रडवणारा कांदा पुढे आहे.

यवतमाळच्या मातीत काय चाललंय?

यवतमाळ म्हणजे कापूस, सोयाबीन आणि तूर. जिल्ह्याचा बराच भाग बेसॉल्टपासून झालेल्या काळ्या मातीचा. नदीकाठाला भारी जमीन, टेकड्यांच्या उतारावर हलकी आणि मुरमाड. वणीकडे तर खडकच वेगळा, कोळसा आणि चुनखडीचा. कांदा इथलं मुख्य पीक नाही. विहीर, बोअर किंवा कॅनॉलचं ओलीत असेल तिथे तो घेतला जातो.

ही काळी जमीन पाणी धरून ठेवते, त्यात चुना भरपूर असतो, पण सेंद्रिय पदार्थ कमी. अडचण इथूनच सुरू होते. जमिनीतलं बहुतेक गंधक सेंद्रिय पदार्थात अडकलेलं असतं. शेणखत कमी पडलं आणि विदर्भाच्या उन्हात असलेला सेंद्रिय पदार्थही लवकर कुजून संपला, तर गंधकाचा साठाही आटतो.

त्यात सोयाबीन हे तेलबियांचं पीक. तेलबिया गंधक जास्त उचलतात. दरवर्षी सोयाबीनची पोती वावरातून बाहेर जातात, त्यांच्यासोबत गंधकही जातं. ते परत टाकलं नाही तर जमिनीच्या खात्यातून नुसती रक्कम काढत राहिल्यासारखं होतं.

मग खतातून गंधक मिळत नाही का? कोणतं खत वापरता, त्यावर आहे. कृषी केंद्रात सगळ्यात जास्त मागणी असते युरिया आणि डीएपीला. युरियात फक्त नत्र. डीएपीत १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद, गंधक शून्य. याउलट सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये १६ टक्के स्फुरदासोबत ११ टक्के गंधक असतं. २०:२०:०:१३ या खताच्या पोत्यावरचा शेवटचा १३ हा आकडा गंधकाचाच. अमोनियम सल्फेटमध्ये तर २४ टक्क्यांच्या आसपास गंधक असतं.

कांद्याच्या शिफारशींमध्ये हेक्टरी साधारण ३० ते ५० किलो गंधक सांगितलं जातं. सुपर फॉस्फेटच्या ५० किलोच्या एका पोत्यात साडेपाच किलो गंधक येतं. म्हणजे एकराला तीन पोती टाकली की साडेसोळा किलो गंधक मिळालं आणि हेक्टरी ४० किलोचा हिशेब पूर्ण झाला. पिकाची स्फुरदाची गरजही त्यातच बऱ्यापैकी भागते.

अर्थात, आधीच पुरेसं गंधक असलेल्या जमिनीत आणखी टाकून उपयोग नाही. ते कळायला मातीची तपासणी करावी लागते. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृद आरोग्य पत्रिकेत १२ गोष्टी तपासल्या जातात आणि त्यात गंधक आणि जस्त दोन्ही आहेत. गंधक १० पीपीएमपेक्षा कमी आलं, तर जमीन गंधकाला भुकेली आहे असं समजतात.

पाणी जास्त, कांदा मोठा. पण आत काय?

कांद्याची मुळं उथळ असतात, वरच्या फूटभर मातीतच पसरतात. त्यामुळे त्याला थोडं-थोडं पण वारंवार पाणी लागतं. पाणी भरपूर मिळालं की कांदा फुगतो, वजन वाढतं. पण वाढलेल्या वजनात मोठा वाटा पाण्याचा असतो. आतले घटक त्या वेगानं वाढले नाहीत तर ते विरळ होतात. डाळ तेवढीच ठेवून वरणात पाणी ओतत गेल्यासारखं.

हे फक्त कांद्यापुरतं नाही. टेक्सास विद्यापीठाचे डोनाल्ड डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये अमेरिकेतल्या ४३ भाज्या-फळांचे १९५० आणि १९९९ चे आकडे तपासले. प्रथिनं, कॅल्शियम, लोह, क जीवनसत्त्व अशा सहा घटकांची सरासरी घटलेली दिसली. त्यांनी याचं मुख्य कारण दिलं ते बदललेल्या जाती. जास्त उत्पन्नासाठी जाती निवडत गेलो आणि पोषण मागे पडत गेलं.

आता हेच यवतमाळला लावून बघा. उमरखेडच्या बाजूला ईसापूर धरणाच्या कॅनॉलचं पाणी पोहोचतं. तिकडे ऊस आणि हळद उभी असते. तिथे कांद्याला पाण्याची चणचण तुलनेनं कमी. दुसरीकडे टेकडीवरच्या गावात फेब्रुवारी संपता संपता विहीर तळ गाठते आणि लाईटच्या वेळेप्रमाणे पाणी द्यावं लागतं. तिथला कांदा तहानलेला राहतो, आकारानं लहान भरतो. पाण्याचा ताण बसलेला कांदा घट्ट आणि तिखट होतो, हे वेगवेगळ्या देशांतल्या प्रयोगांत दिसलं आहे.

म्हणूनच 'यवतमाळचा कांदा' किंवा 'नाशिकचा कांदा' असं नाव घेऊन पोषण ठरवता येत नाही. एकाच तालुक्यातल्या दोन वावरांत फरक पडू शकतो.

पण लगेच ताणाचं कौतुक करायला नको. ताण बसलेल्या कांद्याचं उत्पन्न घटतं आणि त्याची किंमत शेतकरी मोजतो. ताकदवान कांदा पिकवायचा म्हणून कोणी पीक तहानलेलं ठेवणार नाही आणि ठेवूही नये.

मधला मार्ग आहे. रुंद गादी वाफे आणि ठिबक वापरलं तर भारी काळ्या जमिनीत पाणी साचत नाही आणि लागेल तेवढंच मिळतं. शिवाय काढणीच्या १० ते १५ दिवस आधी पाणी तोडायचं. यानं कांदा घट्ट होतो, मान सुकते आणि टिकतोही जास्त.

विदर्भाचं ऊन कांद्याला काय करतं?

जॉर्जियातच झालेल्या आणखी एका प्रयोगात नियंत्रित तापमानात कांदा वाढवला. तापमान वाढत गेलं तसा तिखटपणाही वाढत गेला.

यवतमाळमध्ये एप्रिलमध्येच पारा ४० च्या पुढे जातो. उन्हाळ कांद्याची लावणी डिसेंबर-जानेवारीत झाली तर फेब्रुवारी-मार्चच्या बऱ्या हवामानात कांदा पोसतो. पण वावर सोयाबीनचं होतं की कापसाचं, यावर बरंच काही ठरतं. सोयाबीन ऑक्टोबरमध्ये निघतं, त्यामुळे जमीन तयार करायला वेळ मिळतो. पराटी मात्र शेवटच्या वेच्यापर्यंत उभीच असते. तिच्या मागे लावणी लांबली, की कांदा पोसायच्या वेळेला ऊन तापलेलं असतं. मग कांदा घाईघाईनं पक्व होतो, लहान राहतो आणि तिखट होतो.

क्वेर्सेटिनचं गणित वेगळं आहे. ते तयार व्हायला प्रकाश लागतो. म्हणून ते कांद्याच्या बाहेरच्या पाकळ्यांत जास्त आणि गाभ्यात कमी असतं. स्वीडनमधल्या प्रयोगांत दिसलं की काढलेला कांदा काही दिवस शेतात सुकवला तर त्यातलं क्वेर्सेटिन बरंच वाढतं. नत्राचं खत कमीजास्त केल्यानं मात्र तिथे क्वेर्सेटिनमध्ये खास फरक पडला नाही.

पण स्वीडनचं ऊन आणि मारेगावचं ऊन एक नाही. ४२ अंशात कांदा उघडा पडला तर तो भाजतो, वरची पाकळी पांढरट आणि मऊ पडते, पुढे तिथूनच सड सुरू होते. म्हणून आपल्याकडची पद्धत वेगळी आहे. निम्म्या माना पडल्या की कांदा काढायचा. एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यांवर येईल असा पसरून तीन ते पाच दिवस सुकवायचा. मग मान दोन-अडीच सेंटिमीटर ठेवून पात कापायची आणि पुढचे १० ते १२ दिवस सावलीत ठेवायचा.

या सगळ्यात अवकाळी पाऊस किंवा गारपीट आली तर गणित कोलमडतं. विदर्भात फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये हे नवीन नाही. भिजलेला कांदा नीट सुकत नाही आणि चाळीत टिकत नाही.

आणि हो, खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, ही विदर्भातली जुनी समजूत. त्याला शास्त्रीय आधार नाही. पाणी, टोपी आणि सावली यांचा उपयोग जास्त.

लाल की पांढरा?

जमीन, पाणी, ऊन हे सगळं एका बाजूला आणि बियाणं दुसऱ्या बाजूला. क्वेर्सेटिनच्या बाबतीत बियाण्याचं पारडं जड आहे. लाल कांद्यात ते भरपूर, पांढऱ्यात जवळपास नाहीच. पांढऱ्या कांद्याला कितीही उत्तम माती द्या, तो लाल कांद्याची बरोबरी करू शकत नाही.

राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संस्थेच्या भीमा शक्ती, भीमा किरण या उन्हाळ कांद्याच्या जाती, तसंच राज्यभर लावली जाणारी एन-२-४-१ ही लालसर कांद्यात मोडतात. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची 'अकोला सफेद' ही पांढरी जात.

म्हणून पांढरा कांदा वाईट ठरत नाही. त्याचं काम वेगळं आहे. कांदा वाळवून पावडर आणि काप करणाऱ्या कारखान्यांना तोच लागतो. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला सौम्य चवीसाठी नाव आहे आणि भौगोलिक मानांकनही मिळालं आहे.

सेंद्रिय कांदा जास्त पौष्टिक असतो का?

सोशल मीडियावर सगळ्यात जास्त भांडणं याच प्रश्नावर होतात. संशोधनातही दोन उत्तरं आली आहेत.

आयर्लंडमध्ये सलग सहा वर्षं सेंद्रिय आणि पारंपरिक पद्धतीनं कांदा घेऊन तुलना केली गेली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात सेंद्रिय कांद्यात क्वेर्सेटिनच्या गटातले घटक आणि अँटिऑक्सिडंट क्षमता जास्त दिसली. पण २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कच्या अभ्यासात दोन्ही कांद्यांत लक्षात येण्यासारखा फरक सापडला नव्हता.

मग घ्यायचं काय? 'सेंद्रिय' हा शिक्का बघून आत किती पोषण आहे ते सांगता येत नाही. आयर्लंडच्या अभ्यासातही हवामानाप्रमाणे आकडे वर-खाली होत होते. शेणखत आणि कंपोस्ट टाकायचं कारण मात्र पक्कं आहे. त्यातून जमिनीत सेंद्रिय पदार्थ वाढतो आणि गंधकाची भरपाई होते. म्हणजे कांद्याच्या जमिनीत शेणखत आणि मोजून दिलेलं खत, दोन्ही एकत्र चालतं.

पण एवढं महत्त्व कशाला द्यायचं?

कांदा हे काही औषध नाही. पण यवतमाळमध्ये मजुरीला जाणाऱ्या बाईच्या डब्यात ज्वारीची भाकर, वरण किंवा झुणका आणि फोडलेला कांदा असतो. म्हणून म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेचा एक अभ्यास महत्त्वाचा ठरतो.

२०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तृणधान्यं आणि डाळींसोबत कांदा आणि लसूण मिसळून प्रयोगशाळेत पचनासारखी प्रक्रिया केली. १० ग्रॅम धान्यामागे कांदा होता दीड ते तीन ग्रॅम. त्यात धान्यातलं लोह आणि जस्त शरीराला घेता येईल अशा रूपात जास्त सुटलं. लोहातली वाढ काही धान्यांत थोडी होती, तर काहींत ६० ते ७० टक्क्यांपर्यंत गेली. यामागे कांदा-लसणातले गंधकाचे घटक असावेत, असं संशोधकांना वाटतं.

हा प्रयोग माणसांवर झालेला नाही. त्यामुळे 'कांदा खा, रक्त वाढवा' असा मेसेज लगेच फॉरवर्ड करायची गरज नाही. पण दिशा लक्षात घेण्यासारखी आहे. ज्वारी आणि डाळीत लोह असतं, मात्र त्यातलं थोडंच अंगी लागतं. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के महिलांना रक्तक्षय आहे. अशा वेळी भाकरीसोबतचा कांदा म्हणजे फक्त तोंडी लावणं राहत नाही. तो गंधकानं भरलेला आहे की पाण्यानं, याला अर्थ येतो.

मग शेतकरी तसा कांदा का पिकवत नाही?

कारण त्याचे पैसे कोणी देत नाही.

बाजार समितीत कांद्याचा लिलाव होतो तेव्हा बघतात आकार, रंग, पत्ती आणि वजन. गोलटी आणि चिंगळी बाजूला पडते, तिला भाव कमी मिळतो. गंधक किती, क्वेर्सेटिन किती, हे तिथे कोणी मोजत नाही. मग शेतकरी मोठ्या कांद्याच्या मागे जाणारच. त्यासाठी तो युरिया आणि पाणी जास्त देतो. असा कांदा मानेला जाड होतो आणि चाळीत लवकर सडतो. साध्या साठवणुकीत चार-सहा महिन्यांत निम्म्यापर्यंत माल खराब होतो, त्यात असा कांदा सगळ्यात आधी जातो.

आतल्या ऐवजाचे पैसे मिळतात अशी एक जागा मात्र महाराष्ट्रात आहे. जळगावचा जैन उद्योगसमूह कांदा वाळवण्यासाठी शेतकऱ्यांशी करार करून पांढरा कांदा घेतो. वाळवणाऱ्याला पाणी विकत घ्यायचं नसतं. ज्या कांद्यात घट्ट पदार्थ जास्त, त्याची पावडर जास्त निघते. त्यामुळे तिथे बियाण्यापासूनच तशी जात निवडली जाते. घरच्या ग्राहकाला ही निवड बाजारात उभं राहून, डोळ्यांनी आणि हातानं करावी लागते.

तुम्ही कांदा घेताना काय बघाल?

आकारापेक्षा घट्टपणा बघा. कांदा दाबून बघितला तर कडक लागला पाहिजे. मान बारीक आणि पूर्ण सुकलेली हवी. मान जाड आणि ओलसर असेल तर कांदा नीट सुकलेला नाही.

रोजच्या वापराला गडद लाल, मध्यम आकाराचा कांदा घ्या. आकारानं लहान आहे म्हणून गोलटी नाकारू नका. ती स्वस्तही मिळते.

सोलताना हात आवरा. कागदासारखी सुकी साल काढली की थांबा. तिच्याखालची जाड, रंगीत पाकळी टाकून देण्याची सवय असेल तर क्वेर्सेटिनचा मोठा वाटा कचऱ्यात जातो. सालीखाली काळी बुरशी दिसली तर मात्र तो भाग काढून कांदा धुऊन घ्या, बुरशी आतपर्यंत गेली असेल तर कांदाच टाका.

गंधकाच्या घटकांसाठी कांदा कच्चा खा आणि चिरून किंवा फोडून दोन-चार मिनिटं तसाच राहू द्या. अख्खा कांदा थेट उकळला तर विकर निकामी होतं आणि तिखटपणा तयारच होत नाही. क्वेर्सेटिन उष्णतेला बऱ्यापैकी टिकतं, पण उकळल्यावर ते पाण्यात उतरतं. त्यामुळे रस्सा करा, पाणी फेकू नका.

आणि घरची शेती असेल तर पुढच्या हंगामात कांदा लावण्याआधी मृद आरोग्य पत्रिका काढून गंधकाची ओळ वाचा. नत्र, स्फुरद, पालाश हे तीन आकडे सगळेच बघतात. कांद्याच्या तिखटपणाचा आणि ताकदीचा पाया मात्र त्यांच्या खालच्या ओळीत आहे.